आकाशाचा जमाखर्च : नुंगमबाक्कमपासून श्रीहरिकोटापर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हटला, की आम्हां तमिळ देशातील मराठी मंडळींची लेखणी आपोआप तंजावरकडे वळते. भोसले राजे, सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख हे आमचे आवडते विषय. आणि ते तसे असावेत यात काही वावगे नाही. परंतु ज्या शहरात आमच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या, त्या चेन्नईच्या, म्हणजे त्या वेळच्या मद्रासच्या, पोटातही एक इतिहास दडलेला आहे आणि त्याचे धागे पुण्यापर्यंत व सोलापूर जिल्ह्यातील एका लहानशा स्थानकापर्यंत पोहोचतात. या शुभप्रसंगी त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

आश्विन-कार्तिकात येथे ईशान्येचा पाऊस सुरू झाला, की वर्तमानपत्रांत दोन नावे हटकून येतात : मीनंबाक्कम येथे इतका पाऊस, नुंगमबाक्कम येथे इतका. नुंगमबाक्कमच्या ज्या हवामान केंद्रात ही मोजदाद होते, त्याच्या आवारात ग्रॅनाइटचा एक जुना खांब उभा आहे. वादळाची बातमी ऐकण्यासाठी त्या केंद्राकडे कान लावून बसणाऱ्या आमच्यापैकी फारच थोड्यांनी तो पाहिला असेल. या खांबाला एक प्रश्न चिकटलेला आहे. आकाशाचा शोध घ्यावयाचा, तर त्याचा खर्च कोणी सोसावा? सरकारने, की हौशी धनिकाने?

२०२० साली भारत सरकारने अंतराळाचे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करण्याचे ठरविले, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या घराघरांतही बोलला जातो. जुनी मंडळी म्हणतात, हे काम सरकारचेच. तरुण म्हणतात, सरकारी कारभार संथ, आता धडाडीच्या लोकांस वाव द्यावा. दोन्ही बाजू आपले म्हणणे नवे समजतात. वास्तविक हा वाद या शहरात दोनशे तीसहून अधिक वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

एका हौशी माणसाचा बंगला

सन १७८६. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास येथील सेवेत विल्यम पेट्री नावाचे एक अधिकारी होते. पुढे १८०७ साली काही महिने ते मद्रासचे हंगामी गव्हर्नरही झाले. परंतु त्यांचे नाव इतिहासात राहिले ते निराळ्या कारणाने. या गृहस्थांनी एग्मोर येथील आपल्या निवासस्थानी, स्वतःच्या पैशाने, एक लहानशी वेधशाळा थाटली. तीन इंची भिंगांच्या दोन दुर्बिणी, लंबकाची दोन उत्तम घड्याळे आणि तारा मध्यान्हरेषेवरून नेमका कोणत्या क्षणी गेला हे टिपणारी एक यंत्रदुर्बीण, एवढाच तो संसार. भारतातील पहिली आधुनिक वेधशाळा म्हणून जिचा उल्लेख होतो, ती अशा रीतीने एका माणसाच्या हौसेतून जन्मास आली.

हौसेच्या गोष्टीस एक मर्यादा असते. हौशी माणूस गाव सोडून गेला, की त्याची हौस पोरकी होते. १७८९ मध्ये पेट्री स्वदेशी निघाले, तेव्हा ही उपकरणे त्यांनी सरकारच्या स्वाधीन केली. मायकेल टॉपिंग नावाचे कंपनीचे एक सागरी सर्वेक्षक त्या यंत्रांचा उपयोग करीत होते. कोरोमंडल किनाऱ्यावर धड बंदर नाही, लाटांचा मारा भयंकर आणि नकाशे सदोष. त्यामुळे जहाजांची नित्य हानी होई. एखाद्या ठिकाणाचे रेखांश अचूक ठरवावयाचे, तर ताऱ्यांचे वेध घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. टॉपिंग यांनी हा व्यवहारी मुद्दा लावून धरला आणि लंडनच्या संचालकांनी १७९० मध्ये त्यास मान्यता दिली. खगोलशास्त्र, भूगोल आणि नौकानयन या तिन्ही विद्यांची वाढ व्हावी, असा हेतू सांगण्यात आला. त्यांतील पहिली विद्या शोभेची व उरलेल्या दोन कामाच्या, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

गव्हर्नर सर चार्ल्स ओकली यांच्या कारकिर्दीत, १७९२ मध्ये, नुंगमबाक्कम येथे वेधशाळेची इमारत पुरी झाली. मुख्य यंत्राला जमिनीची हालचाल बाधू नये म्हणून मधोमध सुमारे दहा टन वजनाचा ग्रॅनाइटचा खांब उभारला. तोच हा खांब. त्याच्यावर टॉपिंग यांचे नाव व वर्ष कोरलेले आहे आणि लॅटिनबरोबर देशी भाषांतूनही असा आशय नोंदविलेला आहे, की ब्रिटिशांच्या औदार्याने आशिया खंडात गणिती विद्यांचे रोपण केव्हा झाले, हे हजार वर्षांनंतरच्या पिढ्यांस कळावे.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. हे औदार्य कोणाचे? पेट्री यांचे म्हणाल, तर ते मान्य. त्यांनी पदरचे पैसे घातले होते. परंतु इमारत, खांब व नोकरांचे पगार कंपनीच्या खजिन्यातून झाले आणि तो खजिना मुख्यतः येथील रयतेच्या सारावसुलीवर भरत होता. ज्या वर्षी हा खांब उभा राहिला, त्याच वर्षी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या जोडीने श्रीरंगपट्टणास होत्या. त्या तहाने टिपूच्या राज्यातील मोठा मुलूख कंपनीच्या पदरी पडला व मद्रासचा महसूल वाढला. शेतात राबणाऱ्या ज्या माणसाने नुंगमबाक्कमचा खर्च उचलला, त्याचे नाव खांबावर नाही; इतकेच नव्हे, तर त्याचा पैसा दुसऱ्याचे औदार्य म्हणून जमेस धरला गेला. आकाशाच्या जमाखर्चातील ही पहिली चुकीची नोंद होय.

वेधशाळेचे वैभव

चुकीच्या नोंदीमुळे कामाचे मोल मात्र उणे होत नाही. टॉपिंग यांनी १७९४ मध्ये सर्वेक्षणाची एक शाळा काढली. तीत आरंभी आठ विद्यार्थी होते. गिंडीचे सुप्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय हा त्याच रोपट्याचा विस्तार. १८०२ मध्ये कर्नल लॅम्बटन यांनी सेंट थॉमस माउंटनजीक पायारेषा मोजून साऱ्या हिंदुस्थानच्या मापनाचा प्रारंभ केला, तेव्हा रेखांशासाठी त्यांना आधार होता तो याच वेधशाळेचा. टी. जी. टेलर यांनी येथे बसून सुमारे ११,००० ताऱ्यांची सूची सिद्ध केली. १८४४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १८६१ च्या एप्रिलमध्ये नॉर्मन पॉगसन यांनी येथूनच एक नवा लघुग्रह शोधला व त्याला 'एशिया' असे नाव दिले. आशिया खंडातून शोधला गेलेला तो पहिला लघुग्रह.

या वेधशाळेत काम करणाऱ्या एतद्देशीयांत चिंतामणी रघुनाथाचारी यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. साध्या साहाय्यकाच्या जागेवरून चढत गेलेल्या या गृहस्थांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधून काढला आणि १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. १८७४ च्या डिसेंबरात शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण होणार होते. त्या घटनेचा अर्थ सामान्य माणसास कळावा म्हणून त्यांनी देशी भाषांतून पुस्तिका काढली. सरकारी पैसा हा लोकांचा पैसा असेल, तर त्यातून मिळालेले ज्ञान लोकांच्या भाषेत लोकांकडे परत गेले पाहिजे. हे ऋण रघुनाथाचारींनी न सांगता फेडले.

आणि वेळ! १८७० च्या सुमारास हिंदुस्थानातील रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागली. नुंगमबाक्कमच्या घड्याळावरून तारायंत्राने वेळेचा इशारा देशभर जाई. मुंबईची स्थानिक वेळ याहून अर्धा तास मागे. १९०६ साली सर्व देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई शहराने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, ही मुंबईकरांच्या बाण्याची गोष्ट आमच्यापैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. आम्ही मद्रासवासी मराठी मात्र दोन्ही घड्याळांची सांगड घालीत राहिलो.

दुष्काळ आणि सूर्यावरचे डाग

सरकारी आश्रयाची दुसरी बाजूही पाहू. पॉगसन यांनी तीस वर्षे या वेधशाळेचा कारभार वाहिला व १८९१ मध्ये येथेच देह ठेवला. माणसांचे बळ अपुरे. त्यांची कन्या आयसिस हीही साहाय्यक म्हणून राबत असे. वेध घेतले जात; पण ते छापून प्रसिद्ध होण्यास वर्षानुवर्षे लागत. निव्वळ ज्ञानासाठी सरकारची थैली सैल होत नव्हती.

ती सैल झाली एका भीषण आपत्तीने. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या सोलापूर-विजापूर भागानेही तो होरपळून काढणारा काळ पाहिला. सूर्यावरील डागांचा व पर्जन्याचा काही संबंध असावा आणि तो कळल्यास दुष्काळाची सूचना आधी मिळेल, अशी आशा त्या काळच्या शास्त्रज्ञांस वाटू लागली. या आशेच्या बळावर कोडाईकनाल येथे सूर्याच्या अभ्यासासाठी वेधशाळा मंजूर झाली. १८९५ मध्ये पायाभरणी होऊन १८९९ मध्ये कामाचा भार तिकडे गेला. नुंगमबाक्कम येथे पुढे काही वर्षे केवळ वेळ राखण्याचे व हवामानाचे काम उरले.

मूळ आशा फळास आली नाही. डाग मोजून पाऊस सांगता आला नाही. तथापि १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी सौर डागांतील वायूंचा प्रवाह कोडाईकनालहून दाखवून दिला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे जमत गेलेली सूर्याची छायाचित्रे आज जगातील शास्त्रज्ञांचे धन झाली आहेत. सरकार उपयोग पाहून पैसा देते. पण उपयोग हुकला तरी चिकाटीने ठेवलेली नोंद वाया जात नाही. एवढी चिकाटी एकट्या धनिकाच्या हातून होणे कठीण.

पुण्याची दुर्बीण कोडाईकनालला का गेली?

हे म्हणणे कोणास अतिशयोक्त वाटल्यास त्याने पुण्याची हकीकत ऐकावी. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी अध्यापक होते. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांच्या प्रयोगशाळेस ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनेही तीत भर घातली. त्यातून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सिद्ध झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती.

नायगमवालांच्या कामाचा कळस म्हणजे २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण. त्यासाठी त्यांनी आपला तळ सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे ठोकला होता. वाचकहो, मुंबई-चेन्नई गाडीने माहेरी-सासरी जाताना दौंड व सोलापूर यांच्या दरम्यान जेऊर नावाचे जे स्थानक रात्रीबेरात्री मागे पडते, तेच हे. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे पथकही त्या दिवशी तेथेच आले होते.

जेऊरच्या माळावर शेजारी शेजारी उतरलेल्या या दोन वेधशाळांची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही १८८८ सालच्या. दोन्हींच्या मुळाशी खासगी दान. जेम्स लिक या धनाढ्य गृहस्थाने मृत्युपत्राने सात लक्ष डॉलर ठेवले होते. त्यांचे अवशेषही त्या थोरल्या दुर्बिणीच्या पायाखाली आहेत. पण वेधशाळा बांधून होताच ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हाती सोपविण्यात आली आणि ती आजही चालू आहे. पुण्याची वेधशाळा मात्र एका माणसाच्या तपश्चर्येवर उभी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. तिची यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली व मोठी दुर्बीण तेथे 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुण्याने ती गमावली. पण कोडाईकनालची सरकारी वेधशाळा होती म्हणून ती भंगारात तरी गेली नाही.

हैदराबादेतही हाच धडा दिसतो. नवाब जफर जंग यांनी १९०१ च्या सुमारास स्वतःच्या हौसेने १५ इंची दुर्बीण आणविली. १९०७ मध्ये ते निवर्तले. पुढच्याच वर्षी निजाम सरकारने वेधशाळा आपल्याकडे घेतली. म्हणूनच ती पुढे ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय नकाशाच्या कामात सहभागी होऊ शकली.

अग्निबाणांचे युग

स्वातंत्र्यानंतरची कथाही याच वळणाने गेली. होमी भाभा यांची मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने उभी राहिली. विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये अहमदाबादेस भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली, ती कुटुंबाच्या न्यासाच्या व तेथील शिक्षणसंस्थेच्या आधाराने. पुढे दोन्ही संस्था शासनाच्या आश्रयाने वाढल्या. १९६२ मध्ये अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती झाली, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला आणि १९६९ मध्ये इस्रोची स्थापना झाली.

या कार्यात मराठी माणसांचा वाटा लहान नाही. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी थुंबा व श्रीहरिकोटा या स्थळांच्या निवडीत मोलाचे काम केले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन नेणाऱ्या प्रयोगाची धुराही त्यांनी वाहिली. पुण्याचे वसंतराव गोवारीकर यांनी घन इंधनाची विद्या देशात रुजविली. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोटाहून रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा थुंब्याचे साराभाई केंद्र त्यांच्या हाती होते. पुढे १९८८ मध्ये याच गोवारीकरांच्या पुढाकाराने १६ घटकांवर आधारलेले मोसमी पावसाचे भाकीत सुरू झाले. कोडाईकनालच्या पायाभरणीमागची जुनी आशा अशा वळणाने पुन्हा हवामानखात्याच्या दारी आली.

खासगी कारखानेही प्रारंभापासून या यज्ञात होतेच. वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांची कवचे घडली, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इंजिने. फरक इतकाच, की मागणी सरकारची, जोखीम सरकारची आणि हात कारखान्यांचे.

आता जोखीमही खासगी हाती जाऊ पाहत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या स्कायरूटचा अग्निबाण उडाला. ३० मे २०२४ रोजी, अनेकदा तहकूब झाल्यानंतर, आपल्या चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने श्रीहरिकोटातील स्वतःच्या क्षेपणमंचावरून आपला अग्निबाण सोडला. त्याचे इंजिन त्रिमितीय छपाईने एकसंध घडविलेले होते. ही कंपनी येथील आय. आय. टी.च्या अंगणात वाढली. ती संस्था १९५९ मध्ये लोकांच्या पैशातून व जर्मन साहाय्याने उभी राहिली, आणि तिच्या शेजारीच टॉपिंग यांच्या आठ विद्यार्थ्यांच्या शाळेचा वारसा सांगणारे गिंडीचे महाविद्यालय आहे. क्षेपणाची जमीनही सरकारचीच. अमेरिकेतील स्पेसएक्सचीही गोष्ट निराळी नाही. सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या प्रयत्नात त्यांचा अग्निबाण कक्षेत पोहोचला आणि डिसेंबरात त्यांना सावरले ते नासाच्या १६० कोटी डॉलरांच्या कंत्राटाने.

तात्पर्य

या साऱ्या इतिहासावरून आमचे मत असे झाले आहे, की 'सरकार की खासगी' हा प्रश्नच अपुरा आहे. पहिली ठिणगी बहुधा एका माणसाच्या ध्यासातून पडते. पेट्री, नायगमवाला, साराभाई ही त्याची उदाहरणे. सरकारी कचेरीत ठिणगी क्वचितच पडते. परंतु तो विस्तव पिढ्यान्‌पिढ्या राखावयाचा तर समाजाचे सरपण लागते. पुण्यात ते मिळाले नाही आणि वेधशाळा विझली.

म्हणून नव्या कंपन्यांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. त्यांत आपल्या मंडळींचीही मुले असोत. मात्र दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, कंपनी बुडाली वा विकली गेली, तरी तिने मिळविलेले ज्ञान भावनगर दुर्बिणीप्रमाणे कोठे तरी सुरक्षित पोहोचावे. दोन, हिशेब खरा लिहावा. लोकांच्या जमिनीवर, लोकांच्या संस्थांत शिकून जे यश मिळते, ते एकाच्याच औदार्याच्या वा धडाडीच्या खाती मांडले जाऊ नये. ती चूक १७९२ मध्ये दगडावर कोरली गेली, ती पुन्हा कागदावरही होऊ नये.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षे तरी निराळे काय सांगतात? एखाद्याच्या ओसरीवर आरंभ होतो, एखादा दाता मोठी रक्कम देतो. त्यांचे ऋण आहेच. पण गणपती दर वर्षी बसतो तो घरोघरच्या वर्गणीवर, आणि वर्गणीची पै न् पै वार्षिक सभेत वाचून दाखविली जाते म्हणून.

श्रीहरिकोटा येथून अग्निबाण निघाला, की आभाळ निरभ्र असल्यास आमच्या गच्च्यांवरून उत्तरेकडे त्याची तेजोरेषा दिसते. शेजारची तमिळ मुले आणि आमची मराठी मुले एकाच कठड्याला टेकून ती पाहतात. त्या वेळी त्यांना एवढे अवश्य सांगावे, की बाळांनो, यात आपलीही वर्गणी आहे. आणि सुटीच्या एखाद्या दिवशी, परवानगी काढून, नुंगमबाक्कमचा तो खांबही दाखवून आणावा.